विश्लेषण : पकडलेल्या वाघाने जायचे कुठे? प्राणिसंग्रहालये हवीत की नकोत, हा वाद काय आहे?

गोरेवाड्यात बर्ड फ्लूने दगावलेले वाघ, कात्रजमध्ये मेलेली चितळे आणि ‘महादेवी’ हत्तिणीवरून पेटलेले कोल्हापूर. डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळातल्या या तीन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. मात्र तिन्हींमुळे एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. वन्य प्राण्याला माणसाच्या ताब्यात ठेवायचे का, आणि ठेवायचे तर कशासाठी?

गोरेवाडा, कात्रजमध्ये काय घडले?

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आले तेव्हा कारण कळले, एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू. खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसातून संसर्ग झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. जंगलातल्या वाघाच्या वाट्याला पोल्ट्रीची कोंबडी सहसा येत नाही; पिंजऱ्यातल्या वाघाला समोर येईल ते खावे लागते. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत १६ चितळे मेली. तिथे निदान झाले लाळ्या-खुरकुताचे, म्हणजे गोठ्यातल्या गाई-म्हशींच्या रोगाचे. मोकळ्या जंगलात कळप पांगतो, आजारी जनावर मागे पडते. बंदिस्त आवारात ही सोय नसते.

गोरेवाड्यातल्या घटनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मेलेले वाघ प्राणिसंग्रहालयात जन्मलेले नव्हते. मानव-वन्यजीव संघर्षामुळे ते चंद्रपूर परिसरातून पकडून आणलेले होते. म्हणजे काही काळापूर्वीपर्यंत ते जंगलात मोकळे फिरत होते.

जंगलातला वाघ पिंजऱ्यात येतो कसा?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ मध्ये याचे उत्तर आहे. वाघ किंवा बिबट्या माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. मात्र त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, याची त्यांना आधी खात्री पटावी लागते. त्यापुढची अट फारशी चर्चेत येत नाही. पकडलेल्या प्राण्याचे जंगलात पुनर्वसन होऊ शकत नाही, अशी खात्री पटल्याशिवाय त्याला बंदिवासात ठेवता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने पिंजरा हा शेवटचा पर्याय आहे.

प्रत्यक्षात काय होते, ते जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात दिसते. उसाचे क्षेत्र वाढले, तशी बिबट्याला बारमाही लपण आणि पाणी मिळाले. कुत्री, डुकरे, शेळ्या हे खाद्य आसपास होतेच. आज या भागातले अनेक बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. हल्ला झाला की गावकरी पिंजऱ्याची मागणी करतात आणि ती रास्तही असते, कारण ज्या घरातले मूल गेले त्या घराला परिसंस्थेचे धडे देण्यात अर्थ नसतो. पिंजरा लागतो, बिबट्या अडकतो. मात्र अडकलेला बिबट्या हल्ला करणारा तोच आहे की नुसता वाटेने जाणारा दुसरा, हे बऱ्याचदा सांगता येत नाही.

पुढचा टप्पा अधिक अवघड. पूर्वी असे बिबटे उचलून दूरच्या जंगलात सोडले जात. जुन्नर परिसरात २००१ नंतर झालेल्या अशा स्थलांतराचा अभ्यास वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यातून उलटेच चित्र समोर आले. जिथे बिबटे सोडले, त्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी आपल्या जागेकडे परतू पाहतो, वाटेत वस्त्या लागतात. दूर सोडणे धोक्याचे आणि जवळ सोडणे गावाला मान्य नाही. मग राहते माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र, गोरेवाडा किंवा राज्याबाहेरची एखादी जागा. आणि कायद्यातल्या व्याख्येत बचाव केंद्रसुद्धा ‘प्राणिसंग्रहालया’तच मोडते.

‘प्राणिसंग्रहालये बंद करा’ म्हणणारे आणि ‘पोरांना वाघ दाखवायचा कुठे?’ म्हणणारे, दोघांच्याही नजरेतून नेमका हा भाग सुटतो.

पिंजऱ्यात प्राण्याला खरेच त्रास होतो का?

होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. गजांजवळ एकाच रेषेत येरझारा घालणारा वाघ, जागच्या जागी डुलणारा हत्ती हे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. ‘बघा, कसा नाचतोय’ असे म्हणत लोक त्याचे व्हिडीओ काढतात. शास्त्रज्ञ त्याला ताणातून आलेले, निरर्थक पुनरावृत्तीचे वर्तन मानतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांसाहारी प्राण्यांचा तौलनिक अभ्यास मांडला. जे प्राणी निसर्गात लांबवर भटकतात, त्यांच्यात येरझारा आणि पिल्लांचे मृत्यू जास्त, असे त्यात दिसले. ध्रुवीय अस्वलाला मिळणारे प्राणिसंग्रहालयातले आवार त्याच्या किमान नैसर्गिक क्षेत्राच्या साधारण दहा लाखावा भाग असते. हत्तींचे आकडे त्याहून बोलके आहेत. युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचे मध्यमान आयुष्य सुमारे १७ वर्षे, तर केनियातील अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात नैसर्गिक मृत्यू आलेल्यांचे ५६ वर्षे, असे २००८ मध्ये ‘सायन्स’मधील अभ्यासाने दाखवले.

दुसरी बाजूही आहे. सस्तन प्राण्यांच्या पन्नासेक प्रजातींची तुलना करणाऱ्या २०१६ च्या एका अभ्यासात ८४ टक्के प्रजाती जंगलापेक्षा प्राणिसंग्रहालयात जास्त जगतात, असे आढळले. विशेषतः ज्यांची शिकार होते आणि ज्यांचे आयुष्य मुळात आखूड असते, अशा छोट्या प्राण्यांना हा फायदा मिळतो. भक्षक नाही, उपासमार नाही, पशुवैद्य हाताशी. अर्थात जास्त जगणे म्हणजे चांगले जगणे का, याचे उत्तर हा अभ्यास देत नाही.

प्रजाती वाचवण्याचा दावा कितपत खरा?

भारतात १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि १९९८ च्या राष्ट्रीय धोरणाने संवर्धनाला हातभार हा मुख्य उद्देश ठरवला. करमणूक हा उद्देश नव्हे. कागदावर हे स्पष्ट आहे.

यशाची उदाहरणे खरी आणि मोठी आहेत. अरबी ओरिक्स हे हरणासारखे दिसणारे वाळवंटी जनावर १९७२ मध्ये निसर्गातून संपले होते. अमेरिकेतील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जपलेल्या कळपाच्या आधाराने १९८२ मध्ये ते ओमानमध्ये परत सोडता आले. कॅलिफोर्निया कॉन्डोर या गिधाडाचे १९८७ मध्ये जगात अवघे २७ पक्षी उरले, ते सगळे पकडून वाढवले आणि १९९२ पासून पुन्हा आकाशात सोडले. आपल्याकडे १९७५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात नदीकाठची घडियालांची अंडी गोळा करून, पिल्ले मोठी करून चंबळमध्ये सोडण्यात आली. डायक्लोफेनॅक या जनावरांच्या औषधाने गिधाडांचा जवळपास सफाया झाल्यावर हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने प्रजनन केंद्र उभे राहिले. तिथली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली.

मात्र यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी. पिंजोरचे गिधाड केंद्र तिकीट काढून बघायची जागा नाही. परत सोडायच्या प्राण्याला माणसाची सवय लागू नये, यासाठी तो गर्दीपासून लांबच ठेवावा लागतो. उलट गर्दी खेचणारा पांढरा वाघ ही वेगळी प्रजातीच नाही. रीवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यापासून जवळच्या नात्यांत प्रजनन करून हा वंश वाढवला गेला. तिरळेपणासारखे दोष त्यातूनच टिकून राहिले. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना असे प्रजनन थांबवायला सांगितले. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानासह अनेक ठिकाणी पांढरा वाघ आजही मुख्य आकर्षण आहे.

मुंबईतली राणीची बाग या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येते. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, ऑक्टोबरमध्ये त्यातला एक दगावला. प्रौढांसाठी पाच रुपये असलेले प्रवेश शुल्क २०१७ मध्ये ५० रुपये झाले, गर्दी लोटली. १५ ऑगस्ट २०१८ ला जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरातच गेले, नंतरची पिल्ले मात्र जगली. काळजी नीट घेतली जाते, हे यातून दिसते. पण वातानुकूलित दालनात जन्मलेले भायखळ्याचे पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर जाणार नाहीत, हेही उघड आहे. बागेचा मेकओव्हर झाला, तो या पाहुण्यांमुळे, असे समर्थक म्हणतात. त्यातही तथ्य आहे.

बंदच केली तर?

कोस्टारिकाने करून पाहिले. २०१३ मध्ये सरकारी प्राणिसंग्रहालये बंद करण्याचा कायदा झाला, पण कंत्राटाच्या वादात प्रत्यक्ष कुलूप लागायला मे २०२४ उजाडला. अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्सने २०१६ मध्ये आपले जुने प्राणिसंग्रहालय बंद करून तिथे पर्यावरण उद्यान केले. तरी ‘मारा’ हत्तीण ब्राझीलच्या अभयारण्यात पोहोचली ती २०२० मध्ये. म्हातारे, आजारी, जन्मापासून माणसाळलेले प्राणी सोडता येत नाहीत, आणि त्यांना घ्यायला जागा सापडत नाहीत.

जागा सापडली तरी वाद मिटत नाही, हे कोल्हापूरने पाहिले. नांदणी मठाची ‘महादेवी’ प्राणिसंग्रहालयातली नव्हती. तिची प्रकृती आणि एकाकीपणा याच्या तक्रारींवरून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या ‘वनतारा’त हलवण्यात आले, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. काहींच्या लेखी ती सुटका होती, काहींच्या लेखी घरातले माणूस नेल्यासारखे. वनताराच्या कारभाराबाबतच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पथकाचा निर्दोषत्वाचा अहवाल स्वीकारला. महाकाय खासगी केंद्रात देशभरातले प्राणी एकवटावेत का, हा धोरणाचा प्रश्न त्या तपासापलीकडचा.

जुन्नरचे पुढे काय?

मादी बिबट्यांवर गर्भनिरोधनाचा प्रयोग प्रायोगिक तत्त्वावर करण्यास केंद्राने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याचा परिणाम दिसायला काही वर्षे लागतील. शिवाय तो प्रयोग न जन्मलेल्या पिल्लांबाबतचा आहे, आधीच पकडलेल्या बिबट्यांबाबतचा नाही. चांगली निगा राखली, तर बंदिवासात बिबट्या वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. आज उसाच्या फडात अडकलेल्या दोन वर्षांच्या बिबट्याला जंगलात परत सोडता आले नाही, तर त्याच्यासाठी पुढची अठरा वर्षे आवार, मांस आणि पशुवैद्य यांची तजवीज वनखात्याला करावी लागेल.