मुद्दल मातीत, व्याज मुठीत

बंगळूरच्या गच्च्यांवरील बियाण्यांच्या देवघेवीविषयी

मौल्यवान वस्तू कुलपात ठेवावी, तिला वरचेवर हात लावू नये आणि गरज पडेल तेव्हा ती जशीच्या तशी परत मिळावी, ही सुरक्षिततेची सर्वमान्य कल्पना होय. दागिने, दस्तऐवज आणि नाणी यांना ती तंतोतंत लागू पडते. बियाण्याला मात्र ती लागू पडत नाही. बी सजीव असते. डब्यात बंद असतानाही त्याचे श्वसन मंदपणे चालू असते आणि दरवर्षी त्याची शक्ती थोडी थोडी ओसरत असते. आजीने गावाहून दिलेले वाल शहरातील घराच्या माळ्यावर दहा-बारा वर्षे जपून ठेवले, तर आठवण जपली जाते, परंतु उगवण्याची शक्ती बहुधा उरत नाही. बी टिकवावयाचे तर ते पेरावे लागते आणि निर्धास्तपणे टिकवावयाचे तर ते दुसऱ्यालाही द्यावे लागते. ह्याच साध्या सत्यावर बीज-विनिमय मेळ्याची उभारणी झालेली आहे.

अंगणातून गच्चीवर

दक्षिण बंगळूरमधील जयनगर ही १९४८ मध्ये पायाभरणी झालेली आखीव वसाहत. ब्लॉक, 'मेन' आणि 'क्रॉस' यांच्या क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते आणि त्यांच्या दुतर्फा वृक्षांची दाटी हे तिचे वैशिष्ट्य. वसाहतीच्या उत्तरेस लालबाग आहे. हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिलेल्या ह्या उद्यानात देशोदेशीची रोपे आणि बिया आणून रुजविण्यात आल्या. पाहुण्या रोपाला जागा देण्याची ही रीत ह्या परिसराला अशी जुनीच आहे.

जयनगरच्या पहिल्या पिढीतील घरांभोवती अंगण असे. त्यात कढीपत्ता, नारळ आणि मांडवावर चढविलेला एखादा वेल हमखास दिसे. पुढे अनेक बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या, अंगण आक्रसले आणि बाग जिना चढून गच्चीवर गेली. बंगळूरमध्ये गच्चीवरील सेंद्रिय शेतीची गोडी लावण्याचे श्रेय कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांच्याकडे जाते. त्यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या 'गार्डन सिटी फार्मर्स' ह्या संस्थेने २०११ पासून 'ऊटा फ्रॉम युवर तोटा' हा मेळा भरविण्यास सुरुवात केली. कन्नडमध्ये 'ऊटा' म्हणजे जेवण आणि 'तोटा' म्हणजे बाग. आपल्या बागेतूनच आपले जेवण, असा त्या नावाचा भाव. शहराच्या निरनिराळ्या उपनगरांत भरलेल्या ह्या मेळ्यांनी गच्चीवरच्या एकेकट्या बागाइतदारांना परस्परांची ओळख करून दिली. ओळख झाली की देवघेव आलीच, आणि बागाइतदारांच्या देवघेवीत अग्रमान बियाण्याचा असतो.

सवाई, दिढी आणि दुप्पट

बियाणे उसने देण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. पेरणीच्या वेळी धान्य न्यावे आणि सुगीला सव्वापट फेडावे ती 'सवाई', दीडपट फेडावे ती 'दिढी'. हे शब्द मराठी गावांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले होते. चार-सहा महिन्यांच्या मुदतीवर पन्नास टक्के हा दर, बँकेचा उंबरठा ओलांडणाऱ्या कोणाही ग्राहकास जबर वाटेल. सावकाराच्या हाती तो जाचक ठरला, हे खरेच. परंतु हीच आकडेमोड सामुदायिक बीजपेढीत निराळा अर्थ धारण करते. वालाचा एक दाणा नीट रुजला तर वेलाला शेकडो दाणे धरतात. त्यांतील दोन परत करणे कोणासही जड जात नाही. शिवाय वाढीव दाणा कोणा एकाच्या घरात न जाता सर्वांच्या साठ्यात जातो.

तेलंगणातील झहीराबाद परिसरात 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी' ह्या संस्थेशी जोडलेल्या दलित स्त्रियांनी अशाच बीजपेढ्या गावोगावी चालविल्या. घेतलेल्यापेक्षा अधिक परत करावयाचे, एवढाच त्यांचा करार. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास सजविलेल्या बैलगाड्यांतून पारंपरिक बियाणे मिरवीत गावोगाव जाण्याचा त्यांचा उत्सव प्रसिद्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा 'इक्वेटर' पुरस्कार २०१९ मध्ये ह्या संस्थेस मिळाला. कर्नाटकातच, उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी येथे, २००१ पासून 'वनस्त्री' ही महिलांची संस्था परसबागेतील बियाणे राखते आणि पावसाळ्याच्या तोंडावर 'मलनाड मेळा' भरविते. हा मेळा बंगळूरकरांच्याही भेटीस आलेला आहे.

वाल आणि अवरे

महाराष्ट्राकडे पाहिले तर ह्या क्षेत्रातील पहिले नाव राहीबाई पोपेरे यांचे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे ह्या गावच्या राहीबाईंना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. परंतु रानभाज्या, भात, वेलवर्गीय भाज्या आणि विशेषतः वाल-घेवड्याच्या देशी जातींची त्यांची जाण असाधारण आहे. 'बायफ' संस्थेच्या सहकार्याने त्यांनी उभारलेल्या बियाणे बँकेमुळे 'बीजमाता' ही ओळख त्यांना लाभली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. स्वतःजवळचे बी त्यांनी इतर स्त्रियांच्या ओटीत घातले, म्हणूनच ते आज अनेक गावांच्या शिवारात आहे.

कोंभाळण्याचा वाल आणि जयनगरचा बाजार यांच्यात एक गोड नाते आहे. मराठी माणूस ज्याला वाल किंवा पावटा म्हणतो, त्याच कुळातील शेंग कन्नडमध्ये 'अवरे' होते. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण बंगळूरच्या बाजारांत हिरव्या अवरे शेंगांच्या राशी लागतात. जयनगरला लागून असलेल्या बसवनगुडी-व्ही. व्ही. पुरम भागात 'अवरेबेळे' मेळा भरतो आणि सोललेल्या दाण्यांचे नाना पदार्थ खाण्यासाठी झुंबड उडते. भिजवून, साल काढून दाणा मोकळा करण्याची कन्नड गृहिणीची रीत पाहिली की मराठी घरातील डाळिंब्यांची आणि बिरड्याची आठवण यावी. बंगळूरमधील मराठी कुटुंबाने कोकणातून आणलेले वाल शेजारच्या कन्नड कुटुंबाला द्यावे आणि त्यांच्याकडून अवरेचे बी घ्यावे, ह्याहून सहज विनिमय दुसरा कोणता?

चिठ्ठीवाचून बी अपुरे

अशा देवघेवीत एक धोका असतो आणि तो बहुतेकांना पहिल्या वर्षी कळतो. अवरेच्या अनेक जुन्या जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. त्या पावसाळ्यात पेरल्या तर थंडीत शेंगांनी लगडतात. तेच बी मेळ्यातून आणून कोणी जानेवारीच्या अखेरीस कुंडीत लावले, तर वेल कठडा ओलांडतो, पानांनी गच्च भरतो, परंतु महिनोन्‌महिने फूल दिसत नाही. बी खोटे नसते, फक्त पेरणीचा काळ कोणी सांगितलेला नसतो. एक मोसम वाया जातो आणि त्यासोबत देणाऱ्यावरचा विश्वासही जातो. पाकिटावर स्थानिक नाव, मूळ गाव, बी धरल्याचे वर्ष, पेरणीचा महिना, वेल की झुडूप आणि हे बी कोणाकडून आले, एवढ्या सहा गोष्टी असाव्यात. हस्तांतरणाच्या नोंदीविना व्यवहार पुरा होत नाही, हा नियम येथेही खरा ठरतो.

दुसरा धोका संकरित बियाण्याचा. दुकानातून आणलेल्या संकरित टोमॅटोचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. कोठे फळ लहान, कोठे चव निराळी. म्हणून विनिमयासाठी सरळ वाणच निवडावा. वाल, चवळी, घेवडा आणि टोमॅटो ही पिके प्रामुख्याने स्वपरागित असल्याने नवशिक्यांना सोयीची असतात. भोपळा, दुधी, दोडका आणि काकडी यांच्या फुलांवर मधमाश्यांची वर्दळ असते. शेजारच्या गच्चीवर त्याच पिकाची दुसरी जात असेल तर दोहोंचा संकर होऊ शकतो. जात शुद्ध राखावयाची असल्यास उमलण्यापूर्वी मादी फूल आणि नर फूल दोऱ्याने हलके बांधून ठेवावे, उमलण्याच्या वेळी सोडून हाताने परागण करावे आणि मादी फूल पुन्हा झाकावे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, तर दुधी आणि दोडक्याचे सायंकाळी.

मेळ्याची मांडणी

जयनगरसारख्या वसाहतीत असा मेळा भरविण्यास मोठ्या भांडवलाची आवश्यकता नाही. रहिवासी संघाची खोली, शाळेचा व्हरांडा अथवा उद्यानाजवळील मोकळी जागा, चार टेबले आणि रविवारची सकाळ पुरेशी होते. मुहूर्त मात्र जाणून धरावा. पावसाळी पेरणीसाठी मे महिन्याचा उत्तरार्ध आणि थंडीच्या भाज्यांसाठी सप्टेंबर हे दोन काळ सोयीचे.

तयारी दोन-तीन महिने आधी सुरू होते. वेलावरची पहिली, निरोगी आणि जातीचे गुण दाखविणारी फळे बियाण्यासाठी राखून ठेवावीत. भाजीसाठी उत्तम ते तोडून आणि उरलेले किडके ते बियाण्यास, हा क्रम उलटा आहे. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुऊन घ्यावे. शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. बी सावलीत वाळवावे आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. बीजशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. ठरावीक मर्यादेत बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते आणि साठवणीचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरले तरीही तेच घडते. चक्रवाढीचे सामर्थ्य जाणणाऱ्यांना ह्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पूर्वीच्या गृहिणी बियाण्यात चुलीतील राख कालवीत, ती ओलावा आणि कीड यांपासून बचाव व्हावा म्हणूनच.

मेळ्यापूर्वी उगवण तपासणे हे देणाऱ्याचे कर्तव्य होय. ओल्या फडक्यात वीस दाणे गुंडाळून ठेवावेत आणि आठ-दहा दिवसांत किती मोड आले ते मोजावे. निम्म्याहून कमी उगवले तर ते बी कोणाला देऊ नये, स्वतःच दाट पेरून नवे करावे. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरण्याच्या प्रथेत पुष्कळांना अशाच उगवण-चाचणीचे बीज दिसते.

मेळ्याच्या टेबलावर रोगट झाडाचे बी, औषध चोळलेले रंगीत दाणे आणि परदेशातून खिशातून आणलेली पाकिटे यांना थारा देऊ नये. बाहेरून येणाऱ्या बियाण्यावर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. एका दाण्याबरोबर आलेला रोग सर्व गच्च्यांवर पसरू शकतो. ज्याच्याजवळ देण्यास काहीच नाही, त्याला मात्र रिकाम्या हाती पाठवू नये. पुढील मोसमात दुप्पट आणण्याच्या बोलीवर त्याच्या नावाची नोंद करावी.

कायद्याचे पाठबळ

शेतकऱ्यांच्या देवघेवीस आपल्या कायद्याचा भक्कम आधार आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ ह्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी व्यापारी नाममुद्रा लावून विकण्यास तेवढी मनाई आहे.

तिजोरी आणि शेजार

बियाण्यांसाठी जगात खऱ्याखुऱ्या तिजोऱ्याही आहेत. दिल्लीतील राष्ट्रीय जनुक पेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने शीतगृहात राखलेले आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, बर्फाळ डोंगराच्या पोटात २००८ मध्ये जागतिक बीजकोठार उघडण्यात आले. त्यातून पहिली ठेव काढण्याची वेळ २०१५ मध्ये आली. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळील 'इकार्डा' ह्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेला आपल्या बीजसंग्रहावर काम करणे अशक्य झाले होते. तिने स्वालबार्डला ठेवलेले नमुने परत मागविले, लेबनॉन व मोरोक्को येथे पेरून वाढविले आणि २०१७ मध्ये त्यांच्या प्रती पुन्हा कोठारात जमा केल्या. तिजोरी उपयोगी पडली, कारण संकट येण्यापूर्वीच वाटणी झालेली होती. नवा साठा उभा राहिला, कारण बी पुन्हा मातीत गेले.

जयनगरच्या गच्चीवर युद्ध नसते. तेथे अवेळी पाऊस असतो, माकडांची टोळी असते, सुट्टीत गावी गेल्यावर सुकून गेलेल्या कुंड्या असतात. एखाद्या कुटुंबाने गावाहून आणलेले वाल अशा एका मोसमात पार नाहीसे होतात. ते बी पूर्वी मेळ्यात दिलेले असेल, तर दोन रस्ते पलीकडच्या कोणाच्या तरी मांडवावर ते अजून लोंबत असते आणि पाकिटावरील नोंदीवरून त्याचा पत्ता लागतो. परत आलेल्या पाकिटावर मूळ घराच्या नावाखाली आता आणखी एक नाव लिहिलेले असते.

येत्या मोसमासाठी घरातल्या डब्यांत जुने बी शोधताना वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. मोड आले तर निम्मे पेरावेत आणि निम्मे शेजारी द्यावेत.