इंडक्शन शेगडी संध्याकाळीच का बंद पडते?



पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे: "उपकरण चुकीचं रीडिंग देतंय, तुम्ही काय कराल?" बहुतेक जण म्हणतात, "कॅलिब्रेट करू" किंवा "टेक्निशियनला बोलावू". समितीला मात्र तुम्ही कोणत्या क्रमाने विचार करता ते ऐकायचं असतं. तो क्रम आज आपण स्वयंपाकघरातल्या एका वस्तूवर शिकूया. वस्तू आहे इंडक्शन शेगडी, आणि तक्रार पेण-रोह्याकडच्या कुठल्याही घरात ऐकू येईल अशी: "सकाळी चहा होतो, संध्याकाळी भात ठेवला की टुक-टुक वाजून बंद पडते."

आधी शेगडीच्या आत काय चालतं ते बघू

घरात येणारी वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची एसी असते. शेगडी आधी तिची डीसी करते. मग आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करून तांब्याच्या कॉइलमधून सोडतो. कॉइलचं बदलतं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह निर्माण करतं आणि भांडं स्वतःच तापतं.

हे चालू असताना कंट्रोलर सतत पहारा देतो: लाईनचं व्होल्टेज किती, प्रवाह किती, काच आणि आयजीबीटी किती गरम, भांडं आहे का. काही मर्यादेबाहेर गेलं की तो शेगडी थांबवतो आणि डिस्प्लेवर कोड दाखवतो.

इथे पहिला धडा. एरर कोड म्हणजे दोष नव्हे. तो कंट्रोलरने काढलेला निष्कर्ष आहे. "व्होल्टेज कमी" असा कोड आला, तर शेगडीच्या पिनांपाशी व्होल्टेज कमी पडलं एवढंच कळतं. कुठे आणि का कमी पडलं, हे शेगडीला माहीत नसतं. शिवाय कोड कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे शेजाऱ्यांच्या शेगडीचा अर्थ आपल्या शेगडीला लावू नका. सोबत आलेली पुस्तिका बघा.

"इस्त्री तर नीट चालते!"

तक्रार आली की घरातलं कोणीतरी त्याच सॉकेटवर इस्त्री लावून बघतं. ती तापते. मग ठरतं, "लाईन चांगली आहे, शेगडीच गेली." शेगडी दुरुस्तीला जाते, दुकानात व्यवस्थित चालते, परत येते आणि संध्याकाळी पुन्हा बंद. दोन खेपांचे पैसे जातात, दोष जागेवरच राहतो.

चूक कुठे झाली? इस्त्री हा साधा रोध आहे. व्होल्टेज कमी झालं की ती प्रवाहही कमी घेते, थोडी सावकाश तापते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पुष्कळ इंडक्शन शेगड्या मात्र ठरवलेली पॉवर टिकवायचा प्रयत्न करतात. व्होल्टेज घसरलं की त्या जास्त प्रवाह ओढतात. 1800 वॉटला 230 व्होल्टवर 7.8 अँपिअर लागतात, 200 व्होल्टवर 9 अँपिअर. म्हणजे दोष असेल तिथे इस्त्री नमतं घेते आणि शेगडी दोष आणखी वाढवते.

दुसरा धडा: नियंत्रण प्रयोगात दोष दिसण्याची क्षमता हवी. ज्या चाचणीत दोष असूनही उत्तर "ठीक" येतं, ती चाचणी न केल्यातच जमा.

आता आकडे घेऊ

रोह्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, पॉवर फॅक्टर 1 धरलाय. सकाळी सॉकेटवर भार नसताना 226 व्होल्ट. 1800 वॉटवर शेगडी लावली की 204. शेगडी बंद पडत नाही, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण 22 व्होल्ट वाटेत गेले. प्रवाह 1800 भागिले 204, म्हणजे सुमारे 8.8 अँपिअर. वाटेतला एकूण रोध 22 भागिले 8.8, म्हणजे 2.5 ओहम.

हा रोध वायरचा असेल का? दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण 12 ओहम असतो. मीटरपासून सॉकेट 15 मीटर, जाऊन-येऊन 30 मीटर. रोध आला 0.36 ओहम, घट जेमतेम 3 व्होल्ट. मग बाकीचे 19 कुठे गेले?

शेगडी चालू असतानाच वायरमनकडून मीटरपाशी मोजून घ्या. समजा तिथे 217 आले. म्हणजे 9 व्होल्ट घराबाहेरच्या लाईनमध्ये आणि 13 घरात गेले. घरातल्या 13 पैकी 3 वायरचे. उरलेले 10 व्होल्ट कुठल्यातरी एका सैल जोडावर पडतायत. 10 गुणिले 8.8, म्हणजे 88 वॉट उष्णता! जुन्या 100 वॉटच्या बल्बएवढी आच भिंतीतल्या बोर्डात लागलीय. सॉकेट तपकिरी पडलंय का, प्लग काढल्यावर पिना चटका देतात का, जळका वास येतो का, ते बघा. यातलं एकही असेल तर ते सॉकेट त्याच क्षणी वापरायचं थांबवा. शेगडी 16 अँपिअरच्या सॉकेटवरच हवी, 6 अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्टर प्लग लावून नको.

मग संध्याकाळीच का?

संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, पंप एकदम लागतात. पेणजवळ हमरापूर-जोहेकडे गणपतीच्या आधी मूर्तींचे कारखाने रात्रीपर्यंत चालतात, तो भार वेगळा. समजा भार नसतानाचं व्होल्टेज 190 वर आलं. रोध तोच, 2.5 ओहम. 1800 वॉट ओढायला गेलो तर शेगडीपाशी उरतात फक्त 162 व्होल्ट आणि प्रवाह जातो 11 अँपिअरवर. शेगडीची मर्यादा 170 असेल तर ती थांबणार. थांबली की भार गेला, व्होल्टेज परत 190, शेगडी पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तीच ती टुक-टुक.

आता फक्त तो सैल जोड नीट केला तर? रोध 1.4 ओहमच्या आसपास येतो आणि त्याच 190 व्होल्टच्या संध्याकाळी शेगडीला 176 मिळतात. भात शिजतो.

मग खरं कारण कोणतं, संध्याकाळचं कमी व्होल्टेज की सैल जोड? दोन्ही. एकटं कोणतंच शेगडी बंद पाडत नव्हतं. तिसरा धडा हाच: "कारण कोणतं?" या प्रश्नाला कधीकधी "दोन, एकत्र" हे उत्तर असतं. एक सापडलं म्हणून शोध थांबवू नका. जोड दुरुस्त झाला तरी 190 व्होल्ट ही तक्रार करण्याजोगी बाब आहेच. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्यासाठी 6 टक्के वर-खाली एवढीच मुभा होती, म्हणजे 230 ला साधारण 216 ते 244.

इथे स्टॅबिलायझर लावला तर? डिस्प्लेवरचा कोड जाईल, पण स्टॅबिलायझर मागून जास्त प्रवाह ओढेल आणि सैल जोड आणखी तापेल. लक्षण गेलं, धोका वाढला.

दोष किती लांबवर पसरलाय?

मल्टिमीटर हातात घेण्याआधी चार प्रश्न विचारा.

1. हीच शेगडी दुसऱ्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालते का? चाललीच तर दोष पहिल्या सॉकेटच्या वाटेवर.
2. शेगडी चालू केली की घरातले इतर दिवे मंदावतात का? मंदावले तर दोष सामाईक वाटेवर, म्हणजे मेन स्विच, मीटर किंवा खांबाकडे.
3. शेजाऱ्यांकडेही तसंच होतं का? होत असेल तर घराबाहेर बघा.
4. काही दिवे मंद आणि काही डोळे दिपतील इतके प्रखर होतात का?

चौथ्याचं उत्तर "हो" असेल तर प्रयोग बंद. थ्री फेज लाईनचं न्यूट्रल तुटल्याची किंवा सैल झाल्याची ती खूण आहे. अशा वेळी काही घरांत व्होल्टेज 300 च्या पुढे जाऊ शकतं. लगेच मेन स्विच बंद करा, शेजाऱ्यांना सांगा आणि 1912 वर कळवा. खांबाला हात लावायचा तो लाईनमननेच.

जागेचा इतिहास विचारा

पेणच्या खारेपाटात हवा दमट आणि खारी. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर आणि घरातली तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असेल, तर असा जोड तिथे लवकर गंजतो. रोह्याचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात खांब आणि तारा मोठ्या प्रमाणावर पडल्या, पुन्हा ओढाव्या लागल्या. म्हणून विचारा: हा जोड कधीचा, कोणी केला, त्यानंतर काय बदललं? प्रयोगशाळेत यालाच आपण लॉगबुक म्हणतो.

एक ताकीद. शेगडी स्वतः उघडू नका. आतला फ्यूज उडाला असेल तर बहुधा आयजीबीटी किंवा रेक्टिफायर शॉर्ट झालेला असतो, नुसता फ्यूज बदलला की तोही उडतो. आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. चालू लाईनवरची मोजणी जाणकार वायरमनकडूनच.

आता मुलाखतीतलं उत्तर तुमचं तुम्हीच बांधा: रीडिंग कोणाचा निष्कर्ष आहे ते ओळखेन, एका वेळी एकच गोष्ट बदलेन, भारासह आणि भाराविना मोजेन, अंदाजाचं गणित करून कोणती कारणं पुरी पडत नाहीत ते आधी वगळेन. मग टेक्निशियनला बोलावेन, आणि कुठे बघायचं तेही सांगेन.