पडदा, प्रोजेक्टर आणि आपला कार्यक्रम

गणपती असोत, दिवाळी असो की कोणाची साठी, स्टेट कॉलेजमध्ये चार मराठी घरं जमली की हॉलमध्ये एक पडदा लागतोच. त्यावर मुलांच्या नाटुकल्याचं चित्रण असतं, नाहीतर नाशिकहून किंवा सांगलीहून आलेला आजी-आजोबांचा तीन मिनिटांचा आशीर्वाद. आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर चक्र गरगर फिरत राहतं, किंवा चित्र येतं पण आवाज येत नाही. आजींना आता विमानप्रवास झेपत नाही, म्हणून तर त्यांनी निरोप पाठवलेला असतो. सगळी माणसं एका जागी त्या एकाच संध्याकाळी असतात. तेव्हा हा घोटाळा कसा टाळायचा, ते आज बघू.

जत्रेतले तंबूतले सिनेमे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. २०१६ सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटातही ते दिसतात. ट्रकवर प्रोजेक्टर, सोबत तंबू आणि पडदा. गावात काही आयतं मिळेल, हे ती मंडळी गृहीत धरत नसत. आपणही तोच नियम पाळायचा: हॉलवर जेवढं कमी अवलंबून राहाल, तेवढा कार्यक्रम सुरळीत होईल.

सुरुवात फाइलपासून. व्हिडिओ इंटरनेटवरून चालवू नका. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये वायफाय छान चालतं. संध्याकाळी शंभर फोन त्याच वायफायवर येतात आणि चित्र अडखळतं. फाइल लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करण्यासाठी. जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट-३२ मध्ये, फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

भारतातून निरोप मागवताना दोन गोष्टी आवर्जून सांगा. फोन आडवा धरा, आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर ॲप तो दाबून लहान करतं. फोनवर ते कळत नाही, पण दहा फुटी पडद्यावर आजींचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा होतो. फाइल एमपी-४ असेल तर उत्तम. चालवायला व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर घ्या. बहुतेक सगळ्या प्रकारच्या फाइली तो चालवतो.

चित्रपट दाखवायचा असेल, तर आधी परवानगी. डीव्हीडी विकत घेतली किंवा महिन्याची वर्गणी भरली, म्हणजे हॉलभर लोकांना दाखवायचा हक्क मिळाला असं अमेरिकेत नसतं, तिकीट नसलं तरी. शिवाय वर्गणीच्या सेवांचं चित्र प्रोजेक्टरवर काळं पडण्याचीही शक्यता असते, कारण नक्कल होऊ नये म्हणून त्यात कुलूप घातलेलं असतं.

आता जोडणी. आधी प्रोजेक्टर चालू करा, मग एचडीएमआय केबल लावा. नव्या लॅपटॉपला बऱ्याचदा फक्त यूएसबी-सी असतं, आणि प्रत्येक यूएसबी-सी भोकातून चित्र बाहेर जातंच असं नाही. म्हणून अडॅप्टर घरच्या टीव्हीवर लावून पाहा आणि तोच सोबत आणा. विंडोजवर विंडोजची कळ धरून ‘पी’ दाबलं की पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’मध्ये तुम्हाला दिसतं तेच लोकांना दिसतं. ‘एक्स्टेंड’मध्ये पडदा वेगळा राहतो, माउसचा बाण लोकांना दिसत नाही, पण सराव नसेल तर व्हिडिओ भलत्याच पडद्यावर उघडतो. नवख्याने ‘डुप्लिकेट’च निवडावं.

सगळ्यात जास्त फसगत आवाजाची होते. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे केबल लावली की लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवू लागतो, आणि प्रोजेक्टरचा स्पीकर असतो इवलासा, किंवा नसतोच. तेव्हा आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन हेडफोनचा मार्ग स्वतः निवडा आणि तिथून वायर हॉलच्या मिक्सरला द्या. ब्लूटूथ स्पीकर टाळा. आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. घूं थांबली, तर दोष विजेच्या जोडणीत आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच पट्टीवर लावून बघा. पण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

इथल्या आपल्या नातवंडांना, जावयांना, सुनांना मराठी समजतंच असं नाही. निरोपाला इंग्रजी उपशीर्षकं द्या. त्याची फाइल व्हिडिओच्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये ठेवली की व्हीएलसी ती आपोआप उचलतो. देवनागरी उपशीर्षकं असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. मग मागच्या रांगेत बसून बघा. पुढच्यांच्या डोक्याआड खालची ओळ जात असेल, तर पडदाच वर घ्या.

उजेडाचंही गणित आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर इतर उजेड पडला की काळं करडं दिसतं आणि चित्र पुसट होतं. इथे नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे तेव्हाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला अडचण नाही. गणपतीत मात्र सात वाजेपर्यंत खिडकीतून ऊन येतं. व्हिडिओ उशिरा ठेवा किंवा पडदे ओढा, आणि पडद्यासमोरचे दिवे कोण बंद करणार ते ठरवून ठेवा.

कार्यक्रमाआधी लॅपटॉप चार्जरला लावा. स्क्रीन आपोआप झोपणं बंद करा, अपडेट थांबवा, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप बंद करा, मग एअरप्लेन मोड लावा. आजी बोलत असताना पडद्यावर कोणाचा खासगी मेसेज झळकायला नको.

आणि शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट: रंगीत तालीम. त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. पहिलं मिनिट नीट चाललं म्हणून निश्चिंत होऊ नका. स्क्रीन झोपते ती दहाव्या मिनिटाला. फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर तयार ठेवा. लॅपटॉपपाशी एकच माणूस बसवा. दोन मिनिटांत दुरुस्त झालं नाही तर दुसरा लॅपटॉप लावायचा, आणि तोवर सूत्रसंचालकांनी माइकवर बोलत राहायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या.

यातल्या एकाही गोष्टीला फारसे पैसे लागत नाहीत. लागतो तो कार्यक्रमाआधीचा एक तास. तेवढा काढलात, तर मागच्या रांगेतल्या नातवालाही आजी नीट दिसतील आणि त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येईल.