२००९ चा अल्बम कुठला? आमचं अजून मिटलेलं नाही

आमच्या गडहिंग्लजच्या ग्रुपचा दिवाळीत एक फिक्स कार्यक्रम असतो. पाडव्याच्या रात्री जेवणं उरकली की पाच जण एका गच्चीवर जमतात, चिठ्ठी टाकून एक वर्ष काढतात आणि त्या वर्षीचा सगळ्यात भारी अल्बम कुठला यावर भांडतात. नियम साधे. एका माणसाचा एकच अल्बम. सुटं गाणं चालत नाही, आख्खा अल्बम लागतो. पिक्चरची गाणी चालतात, कारण आमच्या गावात अल्बम म्हणजे पिक्चरचीच गाणी. आणि जो हरेल त्याच्याकडे सकाळचा नाश्ता.

दोन वर्षांपूर्वी चिठ्ठीत २००१ निघालं होतं. ‘लगान’ की ‘दिल चाहता है’ यावर रात्रीचे दोन वाजले आणि दोघं जण भाऊबीजेपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे गेल्या दिवाळीत २००९ निघालं तेव्हा आम्ही जरा रिलॅक्स झालो. म्हटलं, ह्या वर्षावर काय भांडणार?

आठवतंय का २००९? कॅसेटचा खेळ संपत आला होता, सीडीला लोक कंटाळले होते आणि स्मार्टफोन अजून खिशात आला नव्हता. एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, तो पोऱ्या तीस रुपयांत दोन जीबी गाणी भरून द्यायचा. काय भरणार हे त्याच्या मर्जीवर. माझ्या कार्डात रहमानच्या शेजारी ‘शिरडीवाले’ आणि त्याच्या खाली कन्नड डीजे. संकेश्वर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कन्नड गाणी फुकटच यायची. मी तेव्हा नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो. मंदीमुळे कंपनीत बेंचवर बसून होतो आणि ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं पुण्यातल्या शाळा, थिएटरं काही दिवस बंद ठेवली होती. एप्रिल-मेमध्ये तर निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांच्या भांडणात नवे हिंदी पिक्चर येणंच थांबलं होतं. त्या मोकळ्या मैदानात ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’नं काय बॅटिंग केली ते सगळ्यांना माहीत आहे. थोडक्यात, गाणी ऐकायला वेळच वेळ होता.

पहिला बोलला आमचा बँकवाला. हा सहकारी बँकेत आहे आणि रहमानचा भक्त. त्याचा अल्बम अर्थातच ‘दिल्ली-६’. २० फेब्रुवारीला पिक्चर लागला आणि २३ च्या सकाळी आपल्याकडे टीव्हीवर रहमानच्या हातात दोन ऑस्कर दिसले. बँकवाल्याचं म्हणणं असं, की लोकांनी ‘स्लमडॉग’साठी टाळ्या वाजवल्या, पण खरं काम ‘दिल्ली-६’मध्ये होतं. एकाच अल्बममध्ये कव्वाली, कबुतरावरचं गाणं, छत्तीसगडचं लोकगीत, आणि बडे गुलाम अली खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डिंगसोबत श्रेया घोषालचा आजचा आवाज. ‘‘हे जोडायचं धाडस कुणी केलं असतं?’’ पिक्चर फारसा चालला नाही हे आम्ही म्हटलं, तर तो म्हणाला, पिक्चरचं मत घेतोय का इथं?

त्याला उत्तर द्यायला डॉक्टरीणबाई तयारच होत्या. डॉक्टरीण म्हणजे दातांची, क्लिनिक संकेश्वर रोडला. तिचं मत ‘देव.डी’. अमित त्रिवेदीचं नाव तोवर फार कुणाला माहीत नव्हतं आणि एका पिक्चरमध्ये अठरा ट्रॅक! राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. तिचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला. ती म्हणाली, २००९ च्या आधी प्रेमभंग झाला की गाणं गळा काढायचं, ‘देव.डी’नंतर पहिल्यांदा गाणं हसलं. ‘‘आणि त्यात बँड पण आहे,’’ असं म्हणत तिनं बँडवाल्याकडे बघितलं.

बँडवाला म्हणजे ज्याच्या गच्चीवर आम्ही बसलो होतो तो. आजोबांपासून ब्रास बँड. कोपऱ्यात ढोल झाकून ठेवलेले. आता बँडपेक्षा बँजो आणि साऊंडची कामं जास्त असतात, पण ट्रम्पेट अजून वाजवतो. ‘इमोशनल अत्याचार’चं बँडवालं व्हर्जन त्याला लगेच आठवलं. बँडमास्टर रंगीला आणि रसीला अशी नावं घेऊन ते खुद्द अमित त्रिवेदी आणि गीतकार अमिताभ भट्टाचार्यनंच गायलंय, हे डॉक्टरीणीनं सांगितलं.

‘‘त्यांनी मुद्दाम बेसूर केलंय,’’ बँडवाला गंभीरपणे म्हणाला. ‘‘आमी मुद्दाम करत न्हाई. आमचं आपोआप हुतंय.’’

हसून झाल्यावर त्यानं स्वतःचा अल्बम टाकला, ‘नटरंग’. आणि इथं सगळं बिघडलं.

कारण बँकवाला उठून म्हणाला, ‘नटरंग’ २००९ चा नाहीच. पिक्चर लागला १ जानेवारी २०१० ला. बाद! बँडवाल्याचं म्हणणं, एक दिवसानं काय होतंय, आणि सरकारनं त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार दिला तो २००९ च्या खात्यात. हे खरं आहे. ५७ वे राष्ट्रीय पुरस्कार २००९ सालच्या चित्रपटांचे, ‘देव.डी’चं बक्षीसही त्यातलंच. म्हणजे सरकारी हिशोबानं ‘नटरंग’ आत.

‘‘चालेल,’’ बँकवाला म्हणाला. त्याचे डोळे चमकले तेव्हाच मला कळलं की आता माझा नंबर. ‘‘सरकारी हिशोब लावायचा ना? मग ‘जोगवा’ बाद.’’

मी ‘जोगवा’ म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘जोगवा’ला पुरस्कार मिळाले ते ५६ व्या वर्षीचे, म्हणजे २००८ च्या यादीत. संगीत अजय-अतुल, गायक हरिहरन, गायिका श्रेया घोषाल, तिन्ही एकाच पिक्चरला. पुरस्कार जाहीर झाले सप्टेंबर २००९ मध्ये आणि पिक्चर थिएटरला आला त्याच महिन्याच्या शेवटी. आता बघा गंमत. तिकीटखिडकीचा हिशोब धरला तर ‘जोगवा’ २००९ आणि ‘नटरंग’ २०१०. सरकारी हिशोब धरला तर ‘जोगवा’ २००८ आणि ‘नटरंग’ २००९. दोन्ही अजय-अतुलचे, दोन्ही आपल्या मुलखातले, पण एका वर्षात दोघांना बसवायची सोयच नाही! अर्धा तास याच्यावर गेला. शेवटी डॉक्टरीणीनं निकाल दिला, की ज्या वर्षी आपण पहिल्यांदा गाणं ऐकलं ते वर्ष. दोन्ही आत.

आपल्या मुलखातले म्हणजे अगदी रस्त्यावरचे. पुण्याहून रात्रीची गाडी पकडली की कोल्हापूर सोडल्यावर आधी कागल लागतं. ‘नटरंग’ची मूळ कादंबरी लिहिणारे आनंद यादव तिथले, आणि पिक्चरमधला गुणाही कागलकरच. त्याच २००९ च्या मार्चमध्ये महाबळेश्वरचं साहित्य संमेलन यादवांशिवाय, अध्यक्षाविना पार पडलं होतं. मग निपाणी, संकेश्वर, तिथं हायवे सोडून उजवीकडे वळलं की गडहिंग्लज. ‘जोगवा’ ज्यांच्यावर बेतलाय त्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या राजन गवसांच्या, आणि गवस आमच्या तालुक्यातल्या करंबळीचे. (चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथाही त्यात आहे, पण गच्चीवर तिची आठवण कुणी काढली नाही.)

बँडवाल्यानं ‘नटरंग’ची बाजू पैशात मांडली. २०१० च्या लग्नसराईत एक वरात अशी गेली नाही की बेला शेंडेच्या लावणीची फर्माईश झाली नाही. एकेका रात्री चार-चार वेळा वाजवली. ‘‘अल्बम चांगला का वाईट हे वरातीत कळतंय. पेपरात न्हाई.’’ गुरू ठाकूरनं लिहिलेले शब्द जुन्या तमाशातले वाटतात आणि आहेत नवे, हा मुद्दा मी त्याला आयता दिला. मला ‘नटरंग’ आवडतोच. पण मत ‘जोगवा’ला.

का, ते सांगायला लागलो. म्हटलं, ते चौंडकं. काखेत धरायचं, एका बाजूला कातडं, मधून तात, ती ताणायची आणि छेडायची. लहानपणी मंगळवार-शुक्रवारी आमच्या गल्लीत जोगतीण यायची, डोक्यावर जग, हातात परडी. तो आवाज आला की आई सुपात जोंधळे घेऊन बाहेर जायची. आणि तोच आवाज एक दिवस हिंजवडीत, शेजारच्या क्युबिकलमधल्या मुलीच्या हेडफोनमधून आला. अजय-अतुलनं तो व्हायोलिनच्या ताफ्यासमोर बसवला आणि तो कुठंही कमी पडला नाही. सॉलिड अभिमान वाटला होता.

इथपर्यंत मी दरवेळी सांगतो. पुढचं सांगत नाही. त्या मुलीनं मला विचारलं होतं, ‘‘तुमच्याकडे हे खरंच असतं का रे? मुलींना देवाला सोडणं वगैरे?’’ आणि मी म्हणालो होतो, ‘‘छे, पिक्चरवाले दाखवतात. जुन्या काळी असेल.’’

त्या रात्री, का कुणास ठाऊक, तेही सांगून टाकलं. आणि सांगताना मास्तरकडे बघायचं टाळलं.

मास्तर म्हणजे हायस्कूलला मराठी शिकवतो तो. अजून त्यानं मत दिलं नव्हतं. त्याची थोरली आत्या जोगतीण होती हे आम्हाला शाळेपासून माहीत. नवव्या वर्षी केसांत जट आली आणि घरच्यांनी सौंदत्तीला नेऊन यल्लम्माला सोडलं. आम्हाला माहीत होतं, त्याला माहीत होतं की आम्हाला माहीत आहे, आणि पंचवीस वर्षांत विषय निघाला नव्हता.

‘‘जुन्या काळी म्हणालास व्हय,’’ मास्तर म्हणाला. ‘‘७५ साली आपल्या गावात देवदासी परिषद झाली, मर्दा. हितं. कर्नाटकात कायदा झाला ८२ ला, आपल्यात २००५ ला. पिक्चरच्या आधी चार वर्षं.’’ वर्गात सनावळ्या सांगतो तसा सांगत होता. मग थांबून म्हणाला, ‘‘आत्या आमच्याकडंच असायची शेवटी. २०१० चा गणपती. मिरवणुकीत तुझाच बँजो होता बघ.’’

हे बँडवाल्याला.

‘‘‘लल्लाटी भंडार’ लागलं आणि पोरं जी काय नाचली! आत्या दारात उभी. मला वाटलं, तिला बरं वाटंल. तिचं गाणं हाय. तर म्हणाली, ‘लोकं नाचायला लागली व्हय रं ह्याच्यावर?’ एवढंच. आत गेली.’’

बँडवाला ढोलाच्या कापडाची गाठ सोडून परत बांधत बसला.

शेवटी डॉक्टरीण बोलली. म्हणाली, ‘‘मी गवस वाचले ते ‘जोगवा’ची गाणी ऐकून. त्याच्या आधी करंबळी म्हणजे मला फक्त एसटीचा बोर्ड होता. गाणी एवढी गोड नसती तर मी शोधलं नसतं.’’

‘‘ते बी खरंय,’’ मास्तर म्हणाला.

‘‘मग गोड केलं ते चूक का बरोबर?’’ बँकवाल्याला हिशोब लागल्याशिवाय चैन पडत नाही.

मास्तरनं उत्तर दिलं नाही. मला विचारलं, ‘‘ती पोरगी अजून तुझ्या ऑफिसात हाय?’’ नाही, ती २०१२ ला बंगलोरला गेली. ‘‘नंबर असंल की.’’ आहे, म्हटलं.

मत टाकायची वेळ झाली. ‘दिल्ली-६’ एक, ‘देव.डी’ एक, ‘नटरंग’ एक, ‘जोगवा’ एक. सगळं मास्तरवर आलं. आम्हाला वाटलं हा आता ‘थ्री इडियट्स’ वगैरे काहीतरी टाकून मोकळा होणार. त्यानं ‘जोगवा’ लिहिलं.

‘‘मग एवढं बोललास कशाला?’’ बँकवाला ओरडला.

‘‘भारी हाय म्हणूनच तर तरास हुतोय. टुकार असता तर इसरलो असतो.’’

नाश्ता कुणी द्यायचा हे मात्र ठरेना, कारण तीन अल्बम सारखेच हरले होते. त्यात बँकवाल्यानं ‘जोगवा’च्या तारखेवर लेखी आक्षेप नोंदवला, माचिसच्या बॉक्सवर. तो बॉक्स अजून बँडवाल्याकडे आहे.

परतीच्या गाडीत बसलो होतो. निपाणी मागं पडली, कागलचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्या मुलीचा नंबर उघडला. चार ओळी टाइप केल्या, खोडल्या, परत केल्या. पाठवल्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पाचव्या मिनिटाला फोन वाजला म्हणून घाईनं बघितलं, तर ग्रुपवर मास्तर.

‘‘आरं, ‘गुलाल’ राहिलाच की. मार्च २००९, पीयूष मिश्रा. परत मतदान घ्या.’’