पहिली उडी कोणत्या जहाजावर?

बुडालेल्या जहाजांवर डायव्हिंग करायचं स्वप्न आहे? मस्त! पण यादीत सगळ्यात वर कोणतं जहाज ठेवायचं, हे त्याच्या नावावरून ठरवू नका. तुमचा सराव किती आणि तुमच्या सिलिंडरमध्ये हवा किती, यावरून ठरवा.

औंढा नागनाथ : आपल्या तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ची वेधशाळा उभी राहतेय. गुरुत्वीय लहरी टिपणारं हे यंत्र इतकं नाजूक, की किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटांची थरथरही त्याला त्रास देते. म्हणून त्याला समुद्रापासून लांबची, शांत जमीन लागते. थोडक्यात काय, तर समुद्र आपल्यापासून लांब आहे यावर विज्ञानानंच शिक्का मारलाय! पण मोबाइलला हे कोण सांगणार? सुट्टीत मालवण-तारकर्ली करून आलेल्या मित्राचं स्कूबाचं रील बघायचं, मग पुढचा व्हिडिओ इजिप्तच्या समुद्रातल्या बुडालेल्या जहाजाचा. जहाजात उभ्या मोटरसायकली आणि त्यांच्यामधून फिरणारे मासे. बस्स, तिथंच मन अडकतं. ‘आपल्यालाही हेच करायचंय!’

करा ना. फक्त क्रम चुकवू नका.

विहीर वेगळी, समुद्र वेगळा

पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली, मुटके मारत मोठी झालेली पोरं आपल्याकडे भरपूर. पाण्याची भीती नसणं ही मोठीच जमेची बाजू. पण विहिरीत आपण शिकतो श्वास रोखायला, आणि स्कूबाचा पहिला नियम आहे श्वास कधीही रोखायचा नाही. कारण साधं आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. खाली सिलिंडरमधून घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास रोखून वर आलात, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, अगदी जिवावरही बेतू शकतं.

दुसरा गैरसमज मालवणच्या रीलचा. तिथं पर्यटकांना जे करायला मिळतं ती चव असते, शिक्षण नव्हे. प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. त्यावर कुणी डायव्हर होत नाही. त्यासाठी ‘ओपन वॉटर’ कोर्स करावा लागतो. तो केला की साथीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाता येतं. पुढचा ‘अॅडव्हान्स्ड’ कोर्स 30 मीटरपर्यंत नेतो आणि हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ 40 मीटरवर आहे. बुडालेल्या जहाजांसाठी वेगळा ‘रेक डायव्हर’ कोर्सही असतो. एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे, गोव्यातही डायव्हिंग सेंटर आहेत. फी मात्र महिन्याच्या मेस-रूमच्या हिशोबात बसणारी नाही. म्हणूनच जहाज निवडताना घाई महागात पडते.

जहाज कसं निवडायचं?

खोली सगळ्यात आधी बघा. जितकं खोल, तितकी हवा लवकर संपते. पृष्ठभागाजवळ तासभर पुरणारा सिलिंडर तीस मीटरवर जेमतेम पंधरा मिनिटं पुरेल. शिवाय शरीरात नायट्रोजन साठतो. ‘पाडी’च्या तक्त्यानुसार, न थांबता वर येता येईल असा तळावरचा वेळ 18 मीटरवर 56 मिनिटं आहे आणि 30 मीटरवर फक्त 20. बारा मीटरच्या जहाजावर निवांत शिकता येतं, तीसच्या जहाजावर घड्याळाकडेच बघत बसावं लागतं.

मग प्रवाह आणि पाण्याची पारदर्शकता. पाणी गढूळ असेल तर साथीदार दोन हातांवरही दिसत नाही. आपला पश्चिम किनारा पावसाळ्यात बंदच असतो आणि उरलेल्या दिवसांतही पाणी रोज सारखं नसतं. ‘आज किती दिसतंय?’ हा प्रश्न बोटीत बसण्याआधी विचारायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे जहाजाची अवस्था. मासेमारीची जाळी अडकलीत का? पत्रे धारदार आहेत का? आत शिरायची वाट आहे का? वाट असेल, तर नवख्यासाठी ती धोक्याची जागा आहे. जहाजाच्या आत वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो. पंखाचा एक चुकीचा फटका बसला की सगळा अंधार, आणि डोक्यावर आकाशाऐवजी लोखंडी छत. आत जाणारे शिकलेले डायव्हर दोरी सोडत जातात, दिवे जोडीनं नेतात आणि हवेचे तीन भाग करतात. एक जायला, एक यायला, एक राखीव. तुम्ही पहिली काही जहाजं फक्त बाहेरूनच बघायची. त्यातही बघण्यासारखं खूप असतं.

पायऱ्या अशा

पहिली पायरी घराजवळची. गोव्यात ग्रँड आयलंडजवळ ‘सुझीज रेक’ नावानं ओळखलं जाणारं जहाज आहे. पाणी उथळ, सांगाडा मोडून पसरलेला, म्हणजे आत शिरायचा मोहच नाही. रीलमध्ये ते फार देखणं दिसणार नाही, कारण पाणी बऱ्याचदा हिरवट आणि धूसर असतं. पण तरंगण्यावर ताबा ठेवणं, पत्र्याला हात न लावता त्याच्या कडेनं जाणं, साथीदाराला नजरेआड होऊ न देणं हे सगळं इथं शिकता येतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लक्ष ठेवावं असं नाव म्हणजे ‘आयएनएस गुलदार’. पोलंडमध्ये बांधलेली ही युद्धनौका 1985 मध्ये नौदलात आली आणि 12 जानेवारी 2024 रोजी निवृत्त झाली. ती सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी उतरवून कृत्रिम प्रवाळभित्ती आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. मुद्दाम बुडवल्या जाणाऱ्या जहाजांचा फायदा असा, की आधी तेल काढतात, सैल सामान हलवतात, बाहेर पडायला मोकळ्या वाटा ठेवतात. वादळात किंवा युद्धात बुडालेल्या जहाजाला अशी तयारी कुठली? तरी जाण्याआधी खोली विचारा आणि आपल्या कार्डावरची मर्यादा बघा.

कधी परदेशी जायचं जमलं, तर बालीतलं ‘लिबर्टी’ नवख्यांच्या यादीत हमखास हवं. जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीनं त्यावर टॉर्पेडो डागला. ते ओढत तुलांबेनच्या किनाऱ्यावर आणलं गेलं आणि तिथंच पडून राहिलं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी ते पाण्यात सरकलं. आज त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर आहे आणि खालचा तीसच्या आसपास. किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं. एकाच जहाजावर पहिलीपासून बारावीपर्यंत शिकण्यासारखं!

आणि ते मोटरसायकलवालं जहाज? ते ‘थिस्लगॉर्म’. 6 ऑक्टोबर 1941 रोजी जर्मन विमानांनी बुडवलं. तळ तीस मीटरच्या आसपास आणि प्रवाह बऱ्याचदा जोरदार. ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ठेवा. श्रीलंकेतली ‘एचएमएस हर्मीस’ तर पन्नास मीटरच्याही खाली आहे. ती हौशी डायव्हरसाठी नाहीच.

तिथं माणसं होती

जहाज निवडताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ते बुडालं तेव्हा आत कोण होतं? 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ही आठवण अजून आहे. अशी जागा म्हणजे स्मशानच. तिथं सेल्फीचा उत्साह शोभत नाही.

आठवण म्हणून एखादा तुकडा उचलून आणणं तर अजिबात नको. गोव्याच्या सुंची रीफवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथं तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात मिळाले. कोणती वस्तू कुठं पडली होती, यावरूनच जहाजावर काय माल होता आणि तो कुठून आला हे उलगडतं. एक भांडं खिशात गेलं, की त्या गोष्टीतलं एक वाक्य गेलं.

निघण्याआधी एवढं बघा

– दमा, कान, हृदय, फिट्स यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला. फॉर्मवर खोटं लिहू नका.
– बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांना आहे का? 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. धोका फक्त पाण्याखाली नसतो.
– प्रशिक्षकाचं कार्ड मागा. मागायला लाजू नका.
– डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढणारी बस पकडू नका. उंचीवर गेलं की शरीरातला नायट्रोजन त्रास देतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18 तास थांबायचं असतं. घाटाबद्दलही प्रशिक्षकाला विचारा आणि एक मुक्काम किनाऱ्यावरच ठेवा.
– मन ‘नको’ म्हणत असेल तर बोटीतच बसा. पैसे गेले तरी चालतील. कुणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह रद्द करू शकतं, हा डायव्हरांमधला पाळला जाणारा नियमच आहे.

यंदा पोहणं पक्कं करा, पुढच्या हिवाळ्यात ओपन वॉटर कोर्स, मग गोव्यातलं ते मोडकं, धूसर जहाज. थिस्लगॉर्म 1941 पासून तिथंच आहे. आणखी दोन-चार वर्षं तुमची वाट बघायला त्याची काही हरकत नाही.