रुळांचे कवच

१९९५ साली मंजुरी मिळालेला अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग तीन दशकांच्या प्रतीक्षेनंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत वाहतुकीस खुला झाला. आणि पुढे तो ज्या सिरसाळ्यावरून परळीस जावयाचा आहे, तेथील रहिवाशांना गाडी केव्हा येणार या प्रश्नाच्या जोडीने, इतक्या विलंबाने पदरी पडणारे रूळ टिकणार किती, हे विचारण्याचाही पूर्ण हक्क आहे.

रूळ सर्वत्र सारखा झिजत नाही. मालगाडीचे एकेक चाक दहा-अकरा टनांचा भार बोटाच्या नखाएवढ्या जागेवर टेकविते. सरळ मार्गावर ते बव्हंशी नुसते फिरत पुढे जाते, परंतु वळणावर त्याची आतली उभी कड बाहेरच्या रुळाच्या कुशीस घासते आणि पोलादाचे सूक्ष्म पापुद्रे सुटू लागतात. ग्रीस लावणे, यंत्राने रुळाचा माथा घासून आकार पूर्ववत करणे, माथा कठीण केलेले रूळ घालणे, हे रूढ इलाज होत.

लेसरचा मार्ग निराळा आहे. प्रखर किरण रुळाच्या माथ्यावर एकवटून त्याच बिंदूवर धातूची भुकटी सोडली, की भुकटी आणि रुळाचा अगदी वरचा थर एकत्र वितळतात व किरण पुढे सरकताच थिजून एकजीव होतात; म्हणून हा एक-दोन मिलिमीटरांचा लेप रंगासारखा सोलून निघत नाही. इंग्लंडातील शेफील्ड विद्यापीठात रूळ आणि चाक यांच्या पोलादाच्या लहान चकत्या एकमेकींवर दाबून फिरविल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा अथवा कठीण स्टेनलेस पोलादाचा लेप असलेल्या चकत्या उघड्या चकत्यांहून पुष्कळ कमी झिजल्या.

तथापि खरी अडचण लेपात नसून लेपाखाली आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. रुळाच्या पोलादात साधारणतः ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. असे पोलाद तापून एकाएकी निवले की त्याची घडण कठीण पण ठिसूळ होते, आणि लेपाखालच्या त्या तापलेल्या पट्ट्यात उगवलेली चीर खाली उतरली, तर झिजेचा प्रश्न सोडविता सोडविता रूळ तुटण्याचे संकट ओढवेल. त्यासाठी रूळ आधी काही शे अंशांपर्यंत तापवून मग सावकाश निवू द्यावा लागतो. कारखान्यात हे साधते. चालू मार्गावर, दोन गाड्यांमधल्या अल्पावकाशात, फार दुष्कर.

या विद्येसाठी फार दूर जावयास नको. परळीहून विकाराबादमार्गे लोहमार्ग ज्या हैदराबादेकडे जातो, तेथील एआरसीआय या संशोधन केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांत राखेच्या माऱ्याने झिजणाऱ्या भागांसाठी लेसरलेप विकसित केले आहेत, आणि राखेची ती झीज परळीच्या वीजकेंद्रास अपरिचित नाही. २६१ किलोमीटर लेपण्याची गरज मुळीच नाही. तीव्र वळणे, रूळ बदलण्याचे सांधे, आणि सिग्नलसाठी ठेवलेले ते विद्युतरोधक जोड, जेथे दबलेले पोलाद फटीवर ओघळून दोन्ही टोके भिडविते, एवढीच स्थळे विचारात घ्यावीत. आणि त्यांतही प्रथम परळीच्या यार्डात, कोळशाच्या वाघिणी जातात त्या एखाद्या वळणावर, कारखान्यातून लेपून व चिरांची तपासणी करून आणलेला एक तुकडा साध्या रुळाशेजारी बसवून दोहोंची झीज दर हंगामात मोजून नोंदवावी, अशी माझी शिफारस आहे.