गोल हौदाचा काठ आणि फरशीचा हिशेब

व्यासाच्या तिप्पट परीघ, हा आम्हा व्यापाऱ्यांचा जुना ठोकताळा. धर्मशाळेतील १४ फूट व्यासाच्या गोल हौदास काठ बांधविताना मी त्याच हिशेबाने ८० फरश्या आणविल्या. चार कमी पडल्या. मागाहून आणलेल्यांचा रंग जुळला नाही. दात्यांच्या द्रव्यातून झालेली ती चूक आजही डोळ्यांस दिसते.

खरा हिशेब असा. व्यासास २२ ने गुणून ७ ने भागावे. परीघ ४४ फूट, म्हणजे ५२८ इंच येतो. सहा इंची चौरस फरशी व पाव इंच सांधा मिळून सव्वासहा इंच; भागाकार ८४. उरलेले ३ इंच सांध्यांत वाटले जातात. बाहेरील वर्तुळ मोठे असल्याने तिकडे सांधे सुमारे पाऊण इंच रुंदावतात. ते सिमेंटने भरावेत. फुटतुटीसाठी शेकडा ५ अधिक घ्याव्यात.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त दोन्ही मापे दिली आहेत : स्थूल व्यवहारास तिप्पट, सूक्ष्मास दहाचे वर्गमूळ. दुसऱ्याने ८५ फरश्या येतात. एक अधिक, पण कमी नव्हे. आचार्यांचे पहिले माप आम्ही जपले, दुसरे विसरलो. त्याचाच हा दंड.